अमर्याद क्षमा

२०२५ सालच्या नोव्हेंबरांत एके दिवशीं सकाळींच अमेरिकेंतून माझ्या भाच्याचा फोन आला. हा भाचा वीसएक वर्षांपूर्वीं शिक्षणाकरितां तिकडे गेला, तेथेंच स्थिरावला, आणि रीतसर शपथ घेऊन त्या देशाचा नागरिक झाला. क्षेमकुशल झाल्यावर तो मोठ्या गंभीर स्वरांत म्हणाला, "मामा, तुम्हांला एक बातमी सांगायची आहे. राष्ट्राध्यक्षांनीं मला माफी दिली." माझ्या पोटांत धस्स झालें. "अरे, पण तूं केलेंस तरी काय?" असें मीं विचारतांच तो म्हणाला, "२०२० सालीं मत दिलें!" आणि मग त्याला हंसूं आवरेना.

थट्टा ओसरल्यावर मीं त्याजकडून त्या जाहीरनाम्याचा मूळ मजकूर मागविला, आणि चष्मा पुसून दोनतीनदां वाचला. तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्याची थट्टा ही निव्वळ थट्टा नव्हती. जाहीरनाम्यावर ७ नोव्हेंबर ही तारीख आणि राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांची सही आहे. क्षमेच्या अर्जांचें खातें सांभाळणारे अधिकारी एड मार्टिन यांनीं तो ९ तारखेच्या रात्रीं प्रसिद्ध केला. २०२० च्या निवडणुकीनंतर झालेल्या एका राष्ट्रीय अन्यायाचा शेवट करावयाचा व देशांत समेट घडवावयाचा, असा उद्देश आरंभीं सांगितला आहे. पुढें ७७ नांवें येतात: न्यूयॉर्कचे एके काळचे महापौर रूडी जुलियानी, अध्यक्षांच्या कार्यालयाचे माजी प्रमुख मार्क मेडोज, जॉन ईस्टमन, सिडनी पॉवेल व केनेथ चेसब्रो हे वकील, आणि इतर बरेच. परंतु क्षमा या ७७ जणांपुरती नाहीं. ती संयुक्त संस्थानांच्या सर्व नागरिकांना आहे. नांवें दिलीं आहेत तीं केवळ उदाहरणादाखल. आणि कशाबद्दल? तर २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकींतील निर्वाचकांच्या कोणत्याही यादीविषयीं सल्ला देणें, ती तयार करणें, सादर करणें, तिला पाठिंबा देणें, तिच्यासाठीं मत देणें, अशा सर्व वर्तनाबद्दल; शिवाय त्या निवडणुकींतील लबाड्या व उणीवा उघडकीस आणण्याच्या खटपटींत केलेल्या कोणत्याही वर्तनाबद्दल. शेवटीं एकच अपवाद आहे: ही क्षमा स्वतः ट्रंप यांना लागू नाहीं.

हा मजकूर नीट कळावयास निर्वाचक म्हणजे कोण हें समजून घेतलें पाहिजे. आपण समजतों कीं अमेरिकन मतदार आपला राष्ट्राध्यक्ष थेट निवडतो. कायद्यानें पाहतां तसें नाहीं. तो आपल्या राज्यांतील निर्वाचकांची एक यादी निवडतो. अशा निर्वाचकांची देशांतील एकूण संख्या ५३८. ज्याच्या बाजूला २७० पडले तो अध्यक्ष. निवडणुकीनंतर डिसेंबरांत ठरलेल्या दिवशीं ते आपापल्या राज्यांत जमतात, मतें लिहून सह्या करतात, आणि तीं पत्रें ६ जानेवारीस वॉशिंग्टनला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांसमोर उघडून मोजलीं जातात. २०२० सालीं जोसेफ बायडन यांना ३०६ व ट्रंप यांना २३२ निर्वाचक मिळाले. परंतु १४ डिसेंबरला जेव्हां खरे निर्वाचक जमले, त्याच दिवशीं ॲरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, न्यू मेक्सिको, पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या सात राज्यांत, जेथें ट्रंप हरले होते तेथें, त्यांच्या बाजूचे ८४ लोक स्वतंत्रपणें जमले आणि त्यांनीं आपणच निर्वाचक असल्याच्या पत्रांवर सह्या केल्या. न्यू मेक्सिको व पेनसिल्व्हेनियांतील मंडळींनीं निदान एवढी सावधगिरी बाळगली कीं, न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूचा लागला तरच हीं मतें धरावींत, अशी अट घातली. इतर पांच राज्यांतील पत्रांत ती अटही नव्हती.

त्यांच्या बाजूनें जें बोलतां येईल तें येथेंच सांगून टाकणें न्यायाचें होईल. १९६० सालीं हवाई राज्यांत निक्सन व केनेडी यांच्यांतील चुरस इतकी अटीतटीची झाली कीं, प्रथम निक्सनला विजयी ठरविण्यांत आलें. त्या वेळीं केनेडीच्या बाजूच्या निर्वाचकांनींही नियत दिवशीं जमून आपलीं मतें लिहून ठेवलीं. पुढें फेरमोजणींत केनेडी ११५ मतांनीं जिंकले, आणि ६ जानेवारी १९६१ रोजीं काँग्रेसमध्यें अध्यक्षस्थानीं बसलेल्या खुद्द निक्सननें केनेडींचीच मतें मोजून घेतलीं. २०२० ची मंडळी या दाखल्याकडे बोट दाखवितात. परंतु हवाईंत ती फेरमोजणी न्यायालयाच्या हुकमानें त्या दिवशीं प्रत्यक्ष चालूं होती, आणि नंतर गव्हर्नरनें नव्या निकालावर शिक्कामोर्तब केलें. २०२० सालीं बहुतेक दावे तोंवर फेटाळले गेले होते. तथापि एखादा साधा कार्यकर्ता वकिलांच्या शब्दावर विसंबून सही करून बसला असेल, तर त्याला दया दाखवावी असें मलाही वाटेल. पण कोणाला दाखवावी आणि कोणाला नाहीं, हें ठरविण्याकरितां आधीं कोणी काय केलें तें पाहावें लागतें. या जाहीरनाम्यांत तें पाहण्याची तसदीच घेतलेली नाहीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. नांवें दिलेल्या ७७ जणांपैकीं कोणावरही त्या वेळीं या प्रकरणांत मध्यवर्ती सरकारचा खटला नव्हता. मध्यवर्ती कायद्याखालीं बहुतेक गुन्ह्यांना पांच वर्षांची मुदत असते. डिसेंबर २०२० च्या कृत्यांबद्दलची ती मुदत संपावयास महिना-दीड महिनाच उरला होता. ट्रंप यांच्यावर ऑगस्ट २०२३ मध्यें झालेला खटला, ज्यांत सहा सहकाऱ्यांचा नांव न घेतां उल्लेख होता, तो ते पुन्हां निवडून आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्यें काढून घेण्यांत आला होता. मग ज्यांच्या मानेवर तलवारच नाहीं त्यांना अभय देण्याचें प्रयोजन काय? गतकाळाशीं त्याचा फारसा संबंध नसावा. झालेल्या गुन्ह्याचीच क्षमा करतां येते, होणाऱ्या गुन्ह्याची नाहीं, हें कायद्याचें तत्त्व अमेरिकेंतही निर्विवाद आहे. परंतु तत्त्व कागदावर राहतें आणि अनुभव मनांत राहतो. पुढच्या निवडणुकींत ज्याच्यापुढें खोट्या कागदावर सही करण्याचा प्रसंग येईल, तो आपल्या शेजाऱ्याला विचारील, 'मागच्या वेळीं ज्यांनीं सह्या केल्या त्यांचें काय झालें?'

आतां भाच्याच्या थट्टेकडे वळतों. जाहीरनाम्याच्या त्या लांबलचक वाक्यांत 'मत देणें' हा शब्द आहे, आणि तो निर्वाचकांच्या 'कोणत्याही' यादीला लावलेला आहे. लिहिणाऱ्याच्या मनांत बहुधा त्या ८४ जणांनीं दिलेलीं मतें असावींत. पण अक्षरशः वाचलें तर २०२० सालीं ज्या ज्या अमेरिकन नागरिकानें अध्यक्षपदाकरितां मत दिलें, त्यानें निर्वाचकांच्या कोणत्या ना कोणत्या यादीलाच मत दिलें. म्हणजे माझ्या भाच्याचें निरुपद्रवी मत त्यांत आलें. आणि ज्यानें एकाऐवजीं दोन मतें दिलीं असतील त्याचीं तीं दोन्ही आलीं! हें कोणा टीकाकाराचें विनोदी तर्कट नव्हे. पेनसिल्व्हेनिया व फ्लोरिडा अशा दोन राज्यांत २०२० च्या एकाच निवडणुकींत दोनदां मत दिल्याचा ज्याच्यावर मध्यवर्ती कायद्याखालीं आरोप होता, अशा एका मनुष्याच्या वकिलांनीं हाच युक्तिवाद न्यायालयापुढें मांडला: आमच्या अशिलाला अध्यक्षांनीं क्षमा केली आहे, खटला रद्द करा. गंमत अशी कीं, दुबार मतदानाचा बंदोबस्त व्हावा म्हणून गेलीं कित्येक वर्षें जो पक्ष कंठशोष करीत आहे, त्याच पक्षाच्या अध्यक्षाचा हा जाहीरनामा.

लबाडी उघडकीस आणण्याच्या खटपटीविषयींचें दुसरें कलम तर याहून सैल आहे. खटपट कोणत्या प्रकारची, तींत कुलूप तोडलेलें चालेल काय, दुसऱ्याच्या नांवाचें ओळखपत्र वापरलेलें चालेल काय, याचा कोठें उल्लेख नाहीं. कोलोरॅडो राज्यांतील मेसा काउंटीच्या निवडणूक अधिकारी टीना पीटर्स यांनीं २०२१ सालीं मतदानयंत्रांपर्यंत एका परक्या मनुष्याला पोंचूं दिलें; लबाडीचा शोध घेणें हाच आपला हेतु होता असें त्यांचें म्हणणें. ऑगस्ट २०२४ मध्यें ज्यूरीनें त्यांना दोषी ठरविलें व ऑक्टोबरांत नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२५ मध्यें ट्रंप यांनीं त्यांनाही क्षमा केल्याचें जाहीर केलें. पण खटला होता कोलोरॅडो राज्याच्या कायद्याखालचा. आणि राष्ट्राध्यक्षाचा क्षमाधिकार मध्यवर्ती सरकारविरुद्धच्या गुन्ह्यांपुरताच आहे, हें त्यांच्या राज्यघटनेंत स्पष्ट लिहिलेलें आहे. कोलोरॅडोच्या अधिकाऱ्यांनीं त्या जाहीरनाम्याला आपल्यापुरती किंमत नाहीं असें तत्काळ सांगितलें.

निवडणुका राज्यांनीं चालवावयाच्या आणि त्यांतील बहुतेक गुन्हे राज्यांच्या कायद्यांनीं पारखावयाचे, या व्यवस्थेवर अमेरिकेंतच पुष्कळ टीका झाली आहे. पण अमर्याद क्षमेच्या वाटेंत उरलेली भिंत तीच. ती पक्की आहे असें मात्र कोणी समजूं नये. मिशिगनच्या न्यायाधीशांनीं सप्टेंबर २०२५ मध्यें १५ जणांवरील आरोप, फसवणुकीचा हेतु दिसत नाहीं म्हणून, काढून टाकले. जॉर्जियांतील मोठा खटला त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरला नव्या सरकारी वकिलाच्या विनंतीवरून संपला. नेवाडांत मात्र त्याच महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें खटला पुढें चालूं दिला. आरोप टिकतात कीं नाहीं हें न्यायालयांत ठरलें, तर हरणाऱ्या पक्षालाही बोलावयास फारशी जागा राहत नाहीं; मिशिगनच्या निकालाविषयीं कोणाचें कांहींही मत असो, तो पुरावा पाहून दिलेला निकाल आहे.

सैल शब्दांचा परिणाम काय होतो हें त्यापूर्वीं दहा महिन्यांपासून दिसतच होतें. २० जानेवारी २०२५ रोजीं पुन्हां अधिकारावर येतांच ट्रंप यांनीं ६ जानेवारी २०२१ च्या काँग्रेसभवनावरील हल्ल्यांतील सुमारें १५०० लोकांना क्षमा केली व १४ जणांची शिक्षा कमी केली. या हल्ल्यांत सुमारें १४० पोलीस जखमी झाले होते. ज्यानें काच फोडली तो, ज्यानें केवळ आंत शिरून छायाचित्र काढून घेतलें तो, आणि ज्यानें पोलिसाला काठीनें झोडपलें तो, असे सर्व एकाच ओळींत बसले. जाहीरनाम्यांत शब्द होते: त्या दिवशींच्या घटनांशीं 'संबंधित' गुन्हे. आतां 'संबंधित' म्हणजे काय? हल्ल्याच्या तपासांत एकाच्या घराची झडती झाली, तेव्हां केंटकींतील त्या घरांत बेकायदा बंदुका सांपडल्या. सरकारी वकील प्रथम म्हणाले, बंदुकांना क्षमा लागू नाहीं. कांहीं दिवसांनीं तेच म्हणूं लागले, लागू आहे. न्यायाधीश डॅब्नी फ्रेड्रिक, ज्यांची नेमणूक ट्रंप यांनींच पूर्वीं केली होती, त्यांनीं हा अर्थ मानण्यास नकार दिला. शेवटीं नोव्हेंबरांत त्या मनुष्याला बंदुकांबद्दल वेगळी क्षमा देण्यांत आली. क्षमेचा अर्थ काय हें क्षमा करणाऱ्याच्या वकिलांनाच ठरवितां येत नसेल, तर ती क्षमा म्हणावी कीं कोरा धनादेश?

हा धोका त्यांच्या राज्यघटनेच्या शिल्पकारांना ठाऊक नव्हता असें नाहीं. फिलाडेल्फियाच्या सभेंत, अधिवेशन संपावयास दोनच दिवस उरले असतां, १५ सप्टेंबर १७८७ रोजीं व्हर्जिनियाच्या एडमंड रँडॉल्फ यांनीं सुचविलें कीं, राजद्रोहाचा गुन्हा अध्यक्षाच्या क्षमाधिकारांतून वगळावा. कारण अध्यक्ष स्वतःच त्यांत सामील असूं शकेल. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनीं उत्तर दिलें कीं, अध्यक्ष सामील असेल तर त्याच्यावर महाभियोग आणतां येईल व खटलाही भरतां येईल. सूचना आठ विरुद्ध दोन राज्यांच्या मतांनीं पडली. एका राज्याचीं मतें दुभंगलीं. व्हर्जिनियाचेच जॉर्ज मेसन यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं राज्यघटनेवर सही केली नाहीं, आणि नंतरही ते बजावीत राहिले कीं, आपण स्वतः चिथावलेल्या गुन्ह्यांना अध्यक्ष क्षमा करील आणि तपासाचा धागाच तोडून टाकील.

विल्सन यांच्या उत्तराचे दोन पाय होते, महाभियोग व खटला. पहिल्याची परीक्षा १३ फेब्रुवारी २०२१ रोजीं झाली: सेनेटमध्यें ५७ जणांनीं ट्रंप यांना दोषी मानलें, ४३ जणांनीं मानलें नाहीं, दोनतृतीयांशाला दहा मतें कमी पडलीं. दुसरा पाय १ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं फारच आंखूड केला. राज्यघटनेनें केवळ अध्यक्षालाच दिलेले जे अधिकार, त्यांच्या वापराबद्दल त्याच्यावर कधींही फौजदारी खटला भरतां येणार नाहीं असें त्या निकालांत ठरलें, आणि अशा अधिकारांचें उदाहरण म्हणून क्षमाधिकाराचा उल्लेख झाला. १७८७ सालीं ज्या आश्वासनावर रँडॉल्फ यांची सूचना नाकारली गेली, तें आश्वासन असें उरलें नाहीं. अधिकार मात्र पूर्वींचाच राहिला. मेसन यांचें म्हणणें मला पूर्वीं जरा कुढ्या स्वभावाचें वाटत असे. आतां तसें वाटत नाहीं.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं १७८८ सालीं या अधिकाराचें समर्थन करतांना सांगितलें होतें कीं, बंडाळीच्या वेळीं योग्य घटकेला देऊं केलेली क्षमा देशाला शांतता परत मिळवून देऊं शकते. आजचे समर्थक हें वचन वारंवार पुढें करतात. परंतु त्यांतील बंडखोर कोणाविरुद्ध उठलेले होते हें विसरून चालणार नाहीं. पश्चिम पेनसिल्व्हेनियांतील शेतकरी दारूवरील कराविरुद्ध उठले ते वॉशिंग्टन यांच्या सरकारविरुद्ध. १७९५ सालीं त्यांना क्षमा केली ती वॉशिंग्टननींच. समाजवादी पुढारी यूजीन डेब्स यांना एका भाषणाबद्दल १९१८ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० सालीं त्यांनीं अटलांटाच्या तुरुंगांतून अध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि नऊ लाखांहून अधिक मतें मिळविलीं. त्या निवडणुकींत विजयी झालेले हार्डिंग यांनीं १९२१ च्या नाताळांत आपल्या या प्रतिस्पर्ध्याची सुटका केली. अशा क्षमेंत देणाऱ्याला कांहीं तरी गिळावें लागतें. त्याचा अहंकार, त्याचा राग, निदान त्याच्या पक्षाची मर्जी. ज्यांनीं आपल्याच विजयाकरितां कायदा वांकविला त्यांना सोडून देतांना अध्यक्षाला काय सोडावें लागलें? आपल्या मराठींत अशा गोष्टीला 'घरचें कार्य' म्हणतात.

निवडणुकीच्या गुन्ह्यांना क्षमाच करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनीं निक्सन यांच्या निवडणुकीला बेकायदा पैसे पुरविल्याचा गुन्हा १९७४ सालीं कबूल केला, १५ हजार डॉलर दंड भरला, आणि जवळजवळ पंधरा वर्षांनंतर, जानेवारी १९८९ मध्यें, अध्यक्ष रेगन यांनीं त्यांना क्षमा केली. मनुष्य ठाऊक, गुन्हा ठाऊक, शिक्षा भोगलेली. मुंबईंत जन्मलेले व मूळचे गोमंतकीय असलेले लेखक दिनेश डिसोझा यांचें उदाहरण आपल्याला अधिक जवळचें. २०१२ सालीं सेनेटच्या एका उमेदवाराला दुसऱ्यांच्या नांवांनीं २० हजार डॉलर पोंचविल्याचा गुन्हा त्यांनीं २०१४ सालीं कबूल केला. आठ महिने देखरेखीच्या निवासांत काढण्याची व ३० हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. मे २०१८ मध्यें ट्रंप यांनीं त्यांना क्षमा केली. ती राजकीय मर्जीची होती असें पुष्कळांना वाटलें, मलाही वाटतें. परंतु कोणाला आणि कशाबद्दल हें तरी स्वच्छ होतें, म्हणूनच तिच्यावर टीका करणें शक्य झालें. (याच डिसोझांनीं पुढें २०२० च्या निवडणुकींतील कथित लबाडीवर एक चित्रपट काढला, २०२४ सालीं त्याच्या वितरकांनीं तो मागें घेऊन माफी मागितली. या प्रकरणांत माफीला कांहीं तोटा नाहीं.)

सैलपणाचा दोष एकट्या ट्रंप यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. ८ सप्टेंबर १९७४ रोजीं फोर्ड यांनीं निक्सनला क्षमा केली तेव्हां गुन्ह्याचें नांवच नव्हतें. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत जे गुन्हे केले असतील किंवा केले असण्याची शक्यता असेल ते सर्व, असा मजकूर होता. १ डिसेंबर २०२४ रोजीं बायडन यांनीं आपल्या मुलाला जवळजवळ अकरा वर्षांच्या काळाबद्दल त्याच सांच्याची क्षमा दिली. आपण ती देणार नाहीं असें जाहीरपणें सांगून झाल्यावर दिली. अधिकार सोडतांना शेवटच्या दिवशीं आपल्या भावंडांनाही दिली. बापाचें मन कोणाला कळत नाहीं? पण राजमुद्रा हातीं असलेल्या बापानें तें मन आवरावयाचें असतें. पुढच्या वर्षीं त्यांच्या पक्षाचे लोक ट्रंप यांच्यावर बोलावयास उभे राहिले तेव्हां त्यांचा आवाज खोल गेला तो यामुळेंच.

आणि पुष्कळांना एकदम क्षमा करावयाची तर ती सैलच असावी लागते, हेंही खरें नाहीं. अध्यक्ष कार्टर यांनीं २१ जानेवारी १९७७ रोजीं, अधिकारावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, व्हिएतनाम युद्धांतील सक्तीची लष्करभरती चुकविणाऱ्यांना क्षमा केली. व्यक्तींचीं नांवें त्यांत नव्हतीं. परंतु कायदा कोणता तें होतें, ४ ऑगस्ट १९६४ ते २८ मार्च १९७३ हा काळ होता, आणि ज्यांच्या कृत्यांत बलप्रयोग अथवा हिंसा होती ते वगळलेले होते. तो जाहीरनामा आणि २०२५ चा जाहीरनामा शेजारीं शेजारीं ठेवून वाचावा. कुंपण घातलेलें शेत आणि माळरान यांतील फरक दिसतो.

येथें सुज्ञ वाचक विचारतील कीं, आपल्याकडे कसें? आपल्या घटनेच्या ७२ व १६१ या अनुच्छेदांनीं राष्ट्रपतींना व राज्यपालांना क्षमाधिकार आहे. परंतु ते तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वापरतात, आणि न्यायालयाची नजर त्यावर असते. नानावटी खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. १९६० सालीं उच्च न्यायालयानें जन्मठेप ठरविली त्याच दिवशीं मुंबईचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनीं ती शिक्षा स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आमच्यापुढें अपील चालूं असतां राज्यपालांचा हुकूम टिकत नाहीं. क्षमा मिळाली ती पुढें १९६४ सालीं. आंध्र प्रदेशांतील एका राजकीय कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा राज्यपालांनीं माफ केली तो हुकूम तर २००६ सालीं न्यायालयानें रद्दच केला, आणि धर्म, जात व राजकीय निष्ठा यांवर नजर ठेवून क्षमा करतां येत नाहीं असें बजावलें. आपल्याकडे सर्व आलबेल आहे असें सुचविण्याचा माझा हेतु नाहीं; मुदतीपूर्वीं सुटणाऱ्या कैद्यांच्या बातम्या आपण सर्वच वाचतों. पण 'हा हुकूम कोणत्या कारणासाठीं?' असें विचारावयास आपल्याकडे एक दार आहे. अमेरिकेंत तें जवळजवळ नाहींच.

तें असावें म्हणून प्रयत्न झाले नाहींत असेंही नाहीं. निक्सनच्या क्षमेनंतर १९७४ सालींच सेनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनीं घटनादुरुस्ती सुचविली होती कीं, १८० दिवसांच्या आंत दोन्ही सभागृहांनीं दोनतृतीयांश मतांनीं ठरविल्यास अध्यक्षाची क्षमा रद्द व्हावी. ती पुढें सरकली नाहीं. घटनादुरुस्तीला काँग्रेसचीं दोनतृतीयांश मतें आणि ५० पैकीं ३८ राज्यांची संमति लागते. आणि जो पक्ष अधिकारावर असतो त्याला ही दुरुस्ती निकडीची वाटत नाहीं. पन्नास वर्षांत हा अनुभव दोन्ही पक्षांनीं पाळीपाळीनें घेतला आहे.

हें सर्व वाचतांना मला १९१५ सालचा एक निकाल सांपडला. न्यूयॉर्कच्या एका पत्रकारानें आपल्याला बातमी कोणी दिली हें सांगावें म्हणून अध्यक्ष विल्सन यांनीं त्याला आगाऊ क्षमा देऊं केली. त्यानें ती घेतली नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, क्षमा स्वीकारणें म्हणजे दोष मान्य करण्यासारखें आहे, तेव्हां ती नाकारण्याचा हक्क मनुष्याला आहे. २०२५ च्या जानेवारींत काँग्रेसभवनाच्या प्रकरणांतील एका वयस्क स्त्रीनें असेंच केलें. गुन्हा कबूल करून तिनें दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगलेला होता. आपण त्या दिवशीं चुकलों, आणि ही क्षमा घेतली तर त्या दिवशीं जखमी झालेल्या पोलिसांचा अपमान होईल, असें तिनें सांगितलें.

हा निकाल मीं भाच्याला कळविला, आणि लिहिलें कीं, तुला नको असेल तर ही क्षमा तूंही नाकारूं शकतोस. रविवारीं त्याचा फोन आला. "नाकारली असती, मामा," तो म्हणाला. "पण कळवायचें कोणाला? त्यांच्या यादींत माझें नांवच नाहीं."